स्वस्त इअरफोन : किंमत जोखायची ती सांध्यांवरून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या ग्राहक पानावर दोनशे रुपयांच्या आतल्या वायरवाल्या इअरफोनविषयी नुकताच आलेला मजकूर व तक्ता वाचला. त्यात खरेदीचे तीन निकष दिले होते : ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, मोठा असावा, खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ अशी खर्जापासून वरच्या स्वरांपर्यंतची मर्यादा छापलेली असावी आणि नाव ओळखीचे असावे. दुरुस्तीच्या टेबलावर हा माल रोज उघडणाऱ्यांच्या दृष्टीने हे तिन्ही निकष बिनकामाचे आहेत. या किमतीत बरा आवाज मिळणे आता अवघड राहिलेले नाही. इअरफोन मरतो तो सांध्यात : पिनेच्या मागे, माइकच्या डबीत, वायर दुभंगते तिथे आणि कानात घालायच्या बोंडात शिरते तिथे. गिऱ्हाइकाने पैसे मोजायचे ते या चार जागांचे.

आधी ड्रायव्हरचे बघू. आत एक छोटे चुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्याला चिकटवलेला प्लॅस्टिकचा पातळ पडदा, इतकाच ऐवज असतो. हे लाखोंच्या संख्येने तयार होते, त्यामुळे विक्रीच्या किमतीत त्याचा वाटा लहानच. पडदा १० मिमीचा आहे की १४ मिमीचा यावरून आवाज बरा-वाईट ठरत नाही. महागड्या इअरफोनांत आणि श्रवणयंत्रांत जे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर बसवतात ते तर काही मिलिमीटरांचेच असतात. ‘२० ते २० किलो’ या आकड्यालाही सोबत ‘अधिक-उणे इतके डेसिबल’ असे लिहिल्याशिवाय काहीच अर्थ नाही. वीस हर्ट्झला कुजबुजही ऐकू येत नसली तरी तो आकडा छापता येतो आणि छापतात.

स्वस्तातही चांगले वाजते याचा दाखला हवा असेल तर चीनच्या व्हीई कंपनीचा ‘मंक’ पाहा. रबर नसलेला, कानाच्या खळग्यात नुसता अडकवायचा साधा बड. पाचेक डॉलरला मिळायचा आणि दहाएक वर्षांपूर्वी जगभरच्या हौशी ऐकणाऱ्यांनी तो डोक्यावर घेतला. त्याचे कवच सेनहायझरच्या जुन्या एमएक्स५०० च्या धाटणीचे. त्याच धाटणीची रिकामी कवचे आणि १५ मिमीच्या आसपासचे ड्रायव्हर सुटे मिळतात आणि लोक घरी बसून बड जोडतात. त्यावर चढवायचा स्पंज बदलला की आवाजाचा तोल बदलतो. पूर्ण स्पंज लावला तर खर्ज भरतो, मधोमध भोक असलेला लावला तर वरचे स्वर मोकळे होतात. हा सगळा खेळ काही रुपयांचा आहे.

आता सांध्यांकडे. बहुतेक स्वस्त इअरफोनांत वायरीच्या आत नायलॉनसारख्या धाग्याभोवती लाखेचा मुलामा दिलेल्या बारीक तारा गुंडाळलेल्या असतात. धागा ताण घेतो, तारा वीज नेतात. पिनेपाशी या तारा टाचलेल्या असतात आणि त्यावर रबर ओतलेले असते. फोन खिशात घातला की नेमकी तिथेच वायर काटकोनात दुमडते आणि पिनेपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत एकेक तार तुटू लागते. वरचे आवरण धडधाकट दिसते, आत फक्त धागा उरलेला असतो. म्हणून पिनेमागचे खाचा पाडलेले लवचीक रबर बोटाने वाकवून पाहावे. ते कमानीसारखे हळूहळू वाकले तर ठीक. ते दगडासारखे कडक असेल आणि त्याच्या तोंडाशीच वायर एकदम मोडत असेल, तर तो इअरफोन फुकटही महाग. रबर नावापुरते असून नुसते सरकत असेल तर त्याचाही उपयोग शून्य.

तारेचा धातूही बघायला हवा, पण दुकानात तो दिसत नाही. काही मालात निखळ तांबे नसून ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. वजन कमी, किंमत कमी, आणि वारंवार वाकवल्यावर ती लवकर तुटते. पुढे दुरुस्तीच्या वेळी आणखी पंचाईत : वरचे तांबे सोल्डरमध्ये विरघळले की खालच्या ॲल्युमिनियमला टाका धरत नाही. पारदर्शक वायर काही महिन्यांत हिरवट पडली तर मात्र घाबरायचे कारण नाही. तांब्यावर गंज चढलेला असतो, मुंबई-कोकणच्या दमट हवेत तो लवकर चढतो, आणि बहुतेक वेळा आवाजात काही फरक पडत नाही. बोंडाजवळची वायर घामाने व केसांच्या तेलाने कडक, काचेसारखी होते ती खरी वाईट खूण.

बिघाडाची लक्षणे ओळखता आली तर अर्धी फसवणूक टळते. एकच बाजू वाजते म्हणजे त्या बाजूची तार तुटली, किंवा जाळीत मळ बसला. एक विचित्र लक्षण मात्र लोकांना कळत नाही. गाण्यातला गायकाचा आवाज गायब होतो आणि मागची वाद्ये लांबून, पोकळ ऐकू येतात. याला ‘इफेक्ट’ बिघडला असे समजून लोक फोनची सेटिंग उलथीपालथी करतात. खरे कारण पिनेतली दोन्ही बाजूंची सामाईक परतीची तार, म्हणजे ‘अर्थ’, सुटलेली असणे हे आहे. अर्थ सुटली की दोन्ही ड्रायव्हर एकामागोमाग एक जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्या आवाजातला फक्त फरक उरतो. गायक दोन्हीकडे सारखा ध्वनिमुद्रित केलेला असल्याने तो वजाबाकीत नाहीसा होतो.

अगदी हेच लक्षण नव्याकोऱ्या इअरफोनमध्येही दिसू शकते, आणि तेव्हा दोष तुटीचा नसून पिनेच्या जोडणीचा असतो. माइकवाल्या ३.५ मिमी पिनेवर तीन काळ्या रेघा आणि चार पट्टे असतात. टोकाकडून पहिला डावा, दुसरा उजवा, हे सगळीकडे सारखे. तिसरा अर्थ आणि चौथा माइक, ही आजच्या फोनांची सीटीआयए पद्धत. जुन्या ओएमटीपी पद्धतीत हे शेवटचे दोन उलट असतात. पडून राहिलेल्या जुन्या साठ्यातला माल हाती आला तर ही गडबड होते. खात्री करायची सोपी युक्ती अशी : गाणे चालू ठेवून माइकचे बटण दाबून धरा. दाबलेले असताना आवाज भरून आला आणि सोडल्यावर पुन्हा पोकळ झाला तर पीन ओएमटीपीची आहे, कारण बटण माइक आणि अर्थ एकमेकांना जोडते. असा इअरफोन तिथल्या तिथे परत करावा. पिनेवर दोनच काळ्या रेघा असतील आणि विक्रेता माइक आहे म्हणत असेल तर वाद घालत बसू नये. तिथे माइकला जोडायला चौथा पट्टाच नाही.

आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणांचेही असेच. अँड्रॉइडच्या ठरलेल्या पद्धतीत ही बटणे म्हणजे निव्वळ रोधक (रेझिस्टर) असतात. मधल्याला शून्याच्या जवळपास, आवाज वाढवायला सुमारे २४० ओहम, कमी करायला सुमारे ४७०. आयफोनची पद्धत वेगळी, म्हणून एकाची बटणे दुसऱ्यावर चालतीलच असे नाही. यात इअरफोन खोटा ठरत नाही, पण घेण्याआधी विचारलेले बरे.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा लोकलच्या डब्यात गळ्यात वायरींचे झुबके अडकवून येणारा विक्रेता, कुठेही घ्या, दोन मिनिटे तपासायला मिळतातच. आवाज हळू ठेवून पीन, डबी, दुभंग आणि बोंडांची मुळे एकेक करून बोटांत हलवावीत. खर्रखर्र झाली किंवा एक बाजू क्षणभर गेली की पुढे बघूच नये. मग फोनच्या सुलभता सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ सुरू करून एखाद्या बोलणाऱ्याचा आवाज लावावा. तो डोक्याच्या बरोबर मध्यावर यायला हवा. एका बाजूला झुकला तर दोन ड्रायव्हर सारखे नाहीत. मध्यावर न येता दोन्हीकडे विरलेला, अंगावर मांस नसलेला वाटला तर एका बोंडाच्या तारा उलट टाचल्या आहेत. मग एका बाजूचा पडदा पुढे जाताना दुसरा मागे जातो आणि खर्ज ढेपाळतो. कारखान्यातली ही चूक स्वस्त मालात होत असते आणि नुसते ‘वाजते का’ बघून ती सापडत नाही.

माइकसाठी फोन लावून ‘हॅलो, ऐकू येतंय का’ करण्यापेक्षा पंख्याखाली अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करून ऐकावा. आणि वायरीवर नख घासून पाहावे. ती खसखस कानात मोठी येत असेल तर चालताना, शर्टाला वायर घासताना वैताग येणार. यावर वायर कानावरून मागे टाकणे आणि शर्टाला चिमटा लावणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. बोंड कानात दाबताना ‘कट्’ असा बारीक आवाज आला तर मात्र माल वाईट समजू नये. कानातली हवा कोंडून पडदा क्षणभर दबतो, इतकेच. कवचावरच्या टाचणीएवढ्या भोकातून ती हवा निघते. ते भोक मळाने बुजले असेल तर आवाजही बदलतो.

घरी मल्टिमीटर असेल तर आणखी पक्के कळते. पिनेच्या टोकाचा पट्टा आणि अर्थ यांच्यात रोध मोजा, मग दुसरा पट्टा आणि अर्थ. १६ ओहमच्या इअरफोनला १६ च्या आसपास, ३२ च्याला ३० च्या आसपास आकडा येतो. मोजताना बोंडातून हलकी ‘टक्’ही ऐकू येते. दोन्ही बाजूंत दोन ओहमांहून जास्त फरक असेल तर टाका कच्चा आहे किंवा ड्रायव्हर बेजोड. वायर वाकवताना आकडा उडत असेल तर तार तुटण्याच्या बेतात आहे. एक ओहमच्या खाली आला तर पिनेत शॉर्ट.

आता त्या गोष्टीविषयी, जिच्यावर आपल्या मजकुरात एक ओळही नव्हती : बोंडावरचे, कानात बसणारे रबर. कानाच्या भोकात रबर घट्ट बसले नाही तर खर्ज गळून जातो आणि उत्तम ड्रायव्हरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. लोक म्हणतात ‘बेस नाही’, आणि अधिक बेसवाला नवा इअरफोन घेतात. पाकिटात लहान, मध्यम, मोठे अशा तीन जोड्या असतील तर त्या इअरफोनची किंमत आमच्या लेखी लगेच वाढते. दोन्ही कानांना वेगळे माप लागणे अगदी सामान्य आहे. सुटी रबरे किरकोळ पैशांत मिळतात, ती बदलून पाहिल्याशिवाय इअरफोन नाकारू नये.

रबराचा संबंध कानाच्या आरोग्याशीही आहे. बाहेरचा गोंगाट अडला नाही की माणूस आवाज वाढवतो. लोकलमध्ये आणि एसटीत तर वाढवतोच. स्वस्त इअरफोन हळू वाजतो, त्यामुळे निरुपद्रवी, हा गैरसमज आहे. हिशोब करून बघा. १ मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा ३२ ओहमचा इअरफोन आणि १ व्होल्ट देणारा फोन घेतला तर सुमारे ३१ मिलिवॉट पोचतात आणि आवाज ११५ डेसिबलच्या घरात जातो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८९ डेसिबलला आठवड्याचे पाच तास, ९५ ला सव्वा तास. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याने हा कोष्टक मनाशी ठेवलेला बरा. त्याच्यासाठी नीट बसणारे रबर हे ‘एक्स्ट्रा बेस’पेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

टाइप-सी पिनेच्या स्वस्त इअरफोनबाबत सावध राहायला हवे. हे दोन प्रकारचे असतात. एकात डिजिटलचा आवाज करणारी डॅक चिप पिनेतच असते. तो टाइप-सीच्या बहुतेक फोनांवर चालतो. दुसऱ्यात चिप नसते, तो फोनच्या आतल्या डॅकवर अवलंबून असतो, आणि पुष्कळ फोन तशी सोय देतच नाहीत. बाहेरून दोन्ही पिना जुळ्या दिसतात, खोक्यावर काही लिहिलेले नसते. आपल्याच फोनला लावून वाजवून घेणे एवढाच भरवसा. ३.५ मिमीच्या जोडणीसाठी विकल्या जाणाऱ्या कन्व्हर्टरलाही हेच लागू. जुन्या आयफोनसाठीच्या लायटनिंग पिनेत तर याहून गंमत आहे. काही स्वस्त इअरफोन पिनेतून फक्त वीज घेतात आणि आवाज ब्लूटूथवरून आणतात. लावल्यावर ‘पेअर करा’ असे फोनच्या पडद्यावर आले किंवा ब्लूटूथ बंद करताच आवाज थांबला, की समजावे, वायर शोभेची आहे.

वॉरंटीचा मुद्दा सर्वांत कळीचा. सहा महिने, वर्ष असे मोठ्या अक्षरांत असते आणि बारीक अक्षरांत ‘वायर तुटणे, पीन वाकणे यांचा समावेश नाही’. म्हणजे जे बिघडते नेमके तेच वगळलेले. विकत घेताना बिल मागावे आणि एक बाजू बंद पडल्यास बदलून मिळेल का, हे बिलावरच लिहून घ्यावे. लिहून द्यायला तयार असलेला दुकानदार तोच माल पन्नास रुपये जास्त घेऊन देत असेल तरी ते पैसे वसूल आहेत. पाकीटबंद मालावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष, मूळ देश आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या वैधमापन (पाकीटबंद वस्तू) नियमांनुसार बंधनकारक आहे. यातले काहीच नसलेले पाकीट म्हणजे तक्रार कोणाकडे करायची हाच प्रश्न. असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर दाद मागता येते. ‘९९९ चा १४९ ला’ ही खोडलेली किंमत मात्र मनावर घेऊ नये. ऑनलाइन घेताना पाच तारे बाजूला ठेवून ‘एक बाजू’ हे शब्द परीक्षणांत शोधावेत, आणि घेतल्यानंतर किती महिन्यांनी लिहिले आहे ते पाहावे.

हिशोब महिन्याचा करावा. समजा ८० रुपयांचा दोन महिने टिकला, तर महिना ४० रुपये. ४०० चा दीड वर्ष गेला तर महिना २२. पण तोच ८० चा पिनेमागे बरा रबर असलेला निघाला आणि आठ महिने गेला, तर महिना दहा रुपये, आणि मग ओळखीच्या नावाचे चारशे देण्यात शहाणपण नाही. जो वर्षभर जपून वापरणार आहे त्याने वायर काढता-घालता येणारा घ्यावा. तो थोडा महाग असतो, पण सगळ्यांत आधी मरणारा भागच त्यात बदलता येतो.

जुनी वायर जोडणे परवडते का, हेही सांगायला हवे. पिनेपाशी तुटलेली असेल तर तीन-चार सेंटिमीटर वरून कापून नवी पीन लावता येते. तारांवरची लाख आधी जाळावी लागते : तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर सोल्डरचा थेंब आणि थोडी राळ घेऊन तार त्यात बुडवून धरली की लाख जळते व तार चकाकते. लायटरने जाळली तर आतला धागा वितळतो आणि तारेवर काजळी बसून टाका सुटतो. लाल म्हणजे उजवा आणि हिरवा किंवा निळा म्हणजे डावा ही रंगांची प्रथा असली तरी स्वस्त मालात तिच्यावर विसंबू नये, मीटरने बघावे. स्वतः केले तर पिनेची किंमत तेवढी लागते. दुकानात मजुरी इअरफोनच्याच घरात जाते, म्हणून कारागीर ‘नवा घ्या’ म्हणतो, त्यात त्याची चूक नाही. त्याआधी फोनचे भोक मात्र बघून घ्यावे. खिशातला कापूस त्यात दाबून बसतो, पीन ‘टक्’ करून बसत नाही आणि दोष इअरफोनवर जातो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तो काढावा, सुई घालू नये. जाळीवरचा मळही कोरड्या मऊ ब्रशने, बोंड खाली तोंड करून झटकावा. टाचणी घातली की पडदा फाटलाच.

शेवटी एक बाजू आपल्या मजकुराने घेतलीच नव्हती. ज्या फोनांत एफएम रेडिओ आहे, तिथे इअरफोनची वायर हीच ॲन्टेना असते. एफएमच्या लहरी सुमारे तीन मीटर लांबीच्या, त्यांच्या पाव भागाला ७५ सेंटिमीटर पुरतात आणि वायर असते १.२ मीटरच्या आसपास. पुरात मोबाइलचे नेटवर्क गेले तरी आकाशवाणी ऐकू येते ती या पन्नास रुपयांच्या वायरीवर. ब्लूटूथच्या बडांची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, आणि व्हिडिओत बोलणाऱ्याचे ओठ हलल्यावर आवाज मागून येतो. इथे बॅटरीच नाही. हार्मोनियम किंवा गिटारचे ॲप वाजवणाऱ्याला उशिराने येणारा आवाज चालत नाही, त्याला वायरच लागते.

आपण पुढच्या वेळी असा तक्ता छापाल तेव्हा ड्रायव्हरच्या मिलिमीटरांचा रकाना काढून त्या जागी हे रकाने घालावेत, ही विनंती : पिनेमागचे रबर कसे वाकते, कानातल्या रबराची किती मापे मिळतात, वायर वॉरंटीत आहे का, आणि टाइप-सी असल्यास आत डॅक आहे का. कंपन्यांकडे वायर किती वेळा वाकवून तपासली याचा आकडा मागावा. जी कंपनी तो देणार नाही तिच्या नावापुढे ‘दिला नाही’ असे छापावे.

आपला,
एक वाचक
(ऑडिओ व मोबाइल दुरुस्ती व्यवसाय), डोंबिवली